कंदील विझण्यापूर्वी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना
• दाबाखालील कार्बन डायऑक्साइडचे गुणधर्म व त्यापासून संभवणारे धोके सांगता येतील;
• सुरक्षिततेच्या प्रत्येक नियमामागील कारण स्पष्ट करता येईल;
• माहितीपर लेखात कारण आणि नियम यांची सांगड कशी घातली जाते, हे ओळखता येईल.

प्रस्तावना

शास्त्रीय विषयावरील लेख केवळ शास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी असतो, अशी एक समजूत आहे. परंतु ज्या विषयाचा संबंध माणसाच्या जिवाशी येतो, तो सोप्या भाषेत सर्वांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. प्रयोगशाळेत सिलिंडर उचलणारा मदतनीस, रात्रीचा पहारेकरी, खोली झाडणारा कामगार यांनाही तो समजला पाहिजे. प्रस्तुत पाठात प्रयोगशाळेतील शीतकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा परिचय करून दिला आहे.

मूळ पाठ

१. शीताची गरज

चंडीगड शहराच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचे आवार आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ही संस्था १९५९ साली दिल्लीत स्थापन केली आणि १९६२ साली ती चंडीगडला आली. पुढच्याच वर्षी या आवारात भारत-स्विस प्रशिक्षण केंद्र सुरू झाले व अचूक उपकरणे घडवणारे तंत्रज्ञ येथे तयार होऊ लागले. मोजमापाची साधने देशातच निर्माण व्हावीत, हा या साऱ्या उभारणीमागील हेतू होता. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला समोरच्या काचेवरच उड्डाणाची माहिती दाखवणारे उपकरण याच संस्थेने विकसित केले.

विमानात बसवायचे उपकरण जमिनीवर नीट चालते, एवढ्याने काम भागत नाही. दहा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान शून्याखाली सुमारे पन्नास अंश सेल्सिअस असते. तेथे वंगण गोठेल काय, काचेवर हिमकण धरतील काय, विजेची जोडणी सैल होईल काय, हे आधीच पाहावे लागते. त्यासाठी जगभरच्या उपकरण-प्रयोगशाळांत शीतकक्ष असतात. जीवशास्त्रालाही शीताची तेवढीच गरज आहे. सूक्ष्मजीवांचे व पेशींचे नमुने शून्याखाली सत्तर-ऐंशी अंशांवर वर्षानुवर्षे जपून ठेवावे लागतात. वीज गेली आणि तापमान चढले, तर अनेक वर्षांचे काम एका रात्रीत वाया जाते.

शीत निर्माण करण्याच्या अनेक पद्धतींपैकी एक म्हणजे द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा वापर. काही शीतकक्षांत तो बारीक तोंडाच्या नळीतून आत सोडतात; बाहेर पडताच त्याचे बाष्प व हिम होते आणि कक्ष झपाट्याने थंड होतो. काही अतिशीत कपाटांना हीच सोय राखीव म्हणून जोडलेली असते. वीज खंडित होऊन तापमान वाढू लागले, की ती आपोआप सुरू होते. तिसऱ्या प्रकारात हा वायू बंद नळ्यांतून सतत फिरत राहतो. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील ‘सीएमएस’ या प्रयोगात, ज्यात चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचाही सहभाग आहे, मूलकणांचा मार्ग टिपणाऱ्या नाजूक पट्ट्या २०१७ पासून अशाच रीतीने थंड ठेवल्या जाऊ लागल्या.

या वायूची निवड विनाकारण झालेली नाही. तो जळत नाही, स्वस्त मिळतो आणि ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. शीतयंत्रांत वापरले जाणारे काही कृत्रिम वायू वातावरण तापवण्याच्या बाबतीत त्याच्यापेक्षा हजार पटींहून अधिक प्रभावी आहेत. म्हणूनच पर्यावरणाच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडकडे पुन्हा लक्ष वळले आहे. मात्र जो वायू निसर्गाला सौम्य, तो बंद खोलीतील माणसालाही सौम्य असेल, असे नाही.

२. सिलिंडरमधील दाब

कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या दाबाखाली द्रवरूप होत नाही. शून्याखाली ७८.५ अंशांवर त्याच्या वायूचा थेट घनपदार्थ होतो. यालाच शुष्क बर्फ म्हणतात. द्रव मिळवायचा तर त्याच्यावर मोठा दाब द्यावा लागतो. वीस अंश तापमानाला भरलेल्या सिलिंडरमध्ये हा दाब सुमारे ५७ बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या जवळजवळ पंचवीस पट असतो.

या दाबाची किंमत शास्त्राला आरंभीच मोजावी लागली. १८३५ च्या सुमारास फ्रान्समधील तिलोरिए या संशोधकाने लोखंडी भांड्यात हा वायू द्रवरूप केला आणि त्यापासून प्रथमच शुष्क बर्फ मिळवून दाखवला. त्याच पद्धतीचे भांडे १८४० साली पॅरिसमध्ये फुटले व ते हाताळणारा साहाय्यक मरण पावला. धातूच्या बळाविषयीचा अंदाज चुकला, तर काय होते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पुढे १८६९ साली बेलफास्ट येथील टॉमस अँड्र्यूज यांनी आपल्या प्रयोगांतून असे सिद्ध केले, की सुमारे ३१ अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी हा वायू द्रव होत नाही. या शोधाचे महत्त्व चंडीगडच्या उन्हाळ्यात विशेष जाणवते. तेथे मे-जून महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. विदर्भाची स्थितीही वेगळी नाही. अशा उन्हात ठेवलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि तापमानाच्या प्रत्येक अंशाबरोबर दाब वेगाने चढत जातो. पूर्ण क्षमतेने भरलेल्या सिलिंडरमध्ये तो शंभर बारच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणूनच सिलिंडर काठोकाठ कधीच भरत नाहीत. आत किती वजनाचा वायू भरावा, याचे प्रमाण ठरलेले असते. हे प्रमाण, सिलिंडरची बांधणी व त्याची ठरावीक मुदतीने घ्यावयाची चाचणी या गोष्टी १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली केलेल्या २०१६ च्या वायू सिलिंडर नियमांत सांगितल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रात, नागपूर येथे आहे.

३. श्वासातील विष

कार्बन डायऑक्साइड प्रत्येक माणसाच्या उच्छ्वासात असतो. शीतपेयाच्या बुडबुड्यांतही तोच असतो. त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. ‘हा वायू केवळ प्राणवायूची जागा घेतो, म्हणून जीव गुदमरतो’, असेही पुष्कळांना वाटते. हे अर्धसत्य आहे. रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरूनच मेंदू श्वासाची गती ठरवत असतो. हे प्रमाण वाढले, की प्राणवायू पुरेसा असतानाही शरीराचा तोल ढळतो.

स्वच्छ हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. आठ तास काम करण्याच्या जागी तो सरासरीने ०.५ टक्क्यांहून अधिक असू नये, ही मर्यादा अनेक देशांत मान्य आहे. तीन टक्क्यांना श्वास जलद होतो. चार टक्क्यांची हवा जिवाला तत्काळ धोकादायक समजली जाते. पाच टक्क्यांच्या आसपास डोके ठणकू लागते व धाप लागते; दहा टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याहून दाट वायूत एखाद-दुसरा श्वासही माणसाला जागीच कोसळवू शकतो.

हे आकडे किती जवळचे आहेत, हे एका हिशोबावरून दिसते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलीत साठ घनमीटर हवा असते. एक किलोग्रॅम द्रवापासून सामान्य तापमानाला अर्ध्या घनमीटरहून थोडा अधिक वायू होतो. तीस किलोग्रॅमचे एक सिलिंडर अशा बंद खोलीत रिकामे झाले, तर सुमारे सोळा घनमीटर वायू सुटतो. खोलीतील हवेत त्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जाते. शिवाय तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने सर्वत्र सारखा पसरत नाही. जमिनीलगत, तळघरात, केबलच्या चरात तो पाण्यासारखा साचतो. उभ्या माणसाला काही जाणवत नसताना, खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकलेला माणूस त्यात सापडतो. कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ रोजी बाहेर पडलेला वायू असाच दऱ्यांतून वाहत गेला आणि सुमारे सतराशे माणसे मृत्युमुखी पडली.

४. कंदील आणि मापक

साचलेल्या वायूचा हा धोका महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. जमिनीत खोल खणलेल्या, अरुंद तोंडाच्या या कोठारांत माल साठवून तोंड बंद करीत. अशा बंद जागेत साठवलेल्या मालाचे व सूक्ष्मजीवांचे श्वसन चालू राहते. त्यामुळे पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. ते काही काळ मोकळे ठेवतात आणि दिवा आत सोडून पाहतात. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वीही कंदील सोडण्याची रीत होती. कंदील विझला तर माणसाने उतरावयाचे नाही.

ही रीत अनुभवातून आली होती आणि तिच्या जागी ती बरीचशी योग्यही होती. पेवात जेवढा प्राणवायू खर्च होतो, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवेतील २०.९ टक्के प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत उतरला, की ज्योत विझते. त्या वेळी कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास पोहोचलेला असतो. म्हणजे कंदील जवळजवळ धोक्याच्या उंबरठ्यावरच इशारा देतो.

प्रयोगशाळेत मात्र हाच न्याय लागू पडत नाही. तेथे प्राणवायू खर्च होत नाही. सिलिंडरमधून सुटलेला वायू बाहेरून हवेत मिसळतो. खोलीत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड साचला, तरी प्राणवायू २०.९ वरून जेमतेम १९.९ टक्क्यांपर्यंत उतरतो. कंदील तेवतच राहील. आजच्या प्रयोगशाळेत कंदिलाऐवजी प्राणवायूचे मापक असते व ते सामान्यतः १९.५ टक्क्यांना धोक्याची घंटा वाजवते. पाच टक्के विषारी हवेत तेही गप्प राहते! त्याची घंटा वाजेपर्यंत कार्बन डायऑक्साइड सात टक्क्यांच्या जवळ गेलेला असतो आणि घंटा ऐकून दाराकडे धावण्याचे भान माणसाला उरेलच, याची खात्री देता येत नाही.

यावरून एक मूलभूत तत्त्व हाती येते : ज्या गोष्टीचे भय आहे, तीच मोजली पाहिजे, तिच्या सावलीवर विसंबू नये. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांपैकी विशिष्ट लांबीच्या लहरी शोषून घेतो. तो उष्णतेचे किरण शोषतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ सालीच प्रयोगाने दाखवले होते. आजची कार्बन डायऑक्साइड-मापके याच गुणधर्मावर चालतात. जेथे या वायूचे सिलिंडर, नळी अथवा शुष्क बर्फ आहे, तेथे असे मापक जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवावे. आकडा दाखवणारी तबकडी व दिवा दाराबाहेरही असावा. आत पाऊल टाकल्यानंतर मिळालेला इशारा पुष्कळदा उशिरा मिळालेला असतो.

५. हाताळणीचे नियम

नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागील कारण समजून घेतले, तर ते आपोआप पाळले जातात.

सिलिंडर उभा ठेवून साखळीने भिंतीला बांधावा. तो पडून झडप तुटली, तर आतील दाबाने अवजड सिलिंडरही अस्त्रासारखा सुसाट सुटतो. हलवताना रेग्युलेटर काढावा, झडपेवर टोपण बसवावे आणि सिलिंडर हातगाडीवरूनच न्यावा. जमिनीवरून लोळवू नये. सिलिंडर सावलीत, हवेशीर जागी असावा. शक्य तर तो इमारतीबाहेर ठेवून केवळ नळी आत आणावी. तळघरात तो कधीही ठेवू नये. आत कोणता वायू आहे, हे रंगावरून न ठरवता त्यावरील नाव वाचून ठरवावे.

दाबमापकावरून सिलिंडरमध्ये किती वायू शिल्लक आहे, हे कळत नाही. आत द्रवाचा थोडा अंश असेपर्यंत, तापमान बदलले नाही तर दाब जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतात. काही सिलिंडरांत तळापर्यंत पोहोचणारी नळी असते व त्यांतून द्रव येतो. इतरांतून वायू येतो. यंत्रणेला कोणता प्रकार हवा आहे, हे जोडणीपूर्वीच पाहावे.

नळीत दोन झडपांच्या मध्ये द्रव कोंडला जाऊ नये. झडपा बंद करून माणूस निघून जातो, द्रव हळूहळू तापून प्रसरण पावतो आणि नळी फुटते. म्हणून कोंडी होऊ शकेल अशा प्रत्येक भागावर दाब मोकळा करणारी सुरक्षा झडप हवी. तिचे तोंड खोलीत नसावे. ते नळीने उघड्या आकाशाखाली, खिडक्या व हवा आत घेणारे पंखे यांपासून दूर न्यावे. द्रवाचा दाब ५.२ बारच्या खाली गेला, की त्याचे हिम बनते. हे हिम नळीत बोळ्यासारखे अडकते. बोळा तारेने टोचू नये अथवा ज्योतीने तापवू नये. तो सुटला तर मागील दाबाने गोळीसारखा बाहेर येतो. यंत्रणा बंद करून तो आपोआप विरू द्यावा.

शुष्क बर्फाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्वचा भाजल्यासारखी होते. त्यासाठी थंडी रोखणारे, सैल, सहज निघणारे हातमोजे व डोळ्यांवर चष्मा वापरावा. शुष्क बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नये, कारण त्याचा सतत वायू होत असतो. बंद मोटारीतून किंवा माणसांसह लिफ्टमधून तो नेणे धोक्याचे आहे.

६. मदतीची घाई

महाराष्ट्रातील विहिरींच्या दुर्घटनांत एक गोष्ट वारंवार दिसते. एक जण आत कोसळतो. त्याला काढण्यासाठी भाऊ उतरतो, मग शेजारी. मृतांची संख्या वाढते, ती मदतीला धावणाऱ्यांमुळे. त्यांचे धैर्य खोटे नसते, पण डोळ्यांना हवा स्वच्छच दिसत असते.

प्रयोगशाळेतही धोका तोच आहे. कोणी जमिनीवर निश्चल दिसला, तर प्रथम दाराबाहेरच थांबावे आणि बाहेरील तबकडीवरचा आकडा पाहावा. आरडाओरडा करून माणसे व अग्निशमन दल बोलवावे. बाहेरून बंद करता येत असेल तर वायूचा पुरवठा बंद करावा, पंखे सुरू करावेत, दारे उघडावीत. स्वतंत्र हवेचे नळकांडे पाठीवर असलेला प्रशिक्षित माणूसच आत जाऊ शकतो. नाकावरचा रुमाल किंवा साधा गाळणीचा मुखवटा येथे निरुपयोगी आहे. बाहेर आणलेल्या व्यक्तीला मोकळ्या हवेत ठेवावे. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा व डॉक्टरांना पाचारण करावे. थंडीने भाजलेली त्वचा चोळू नये. ती कोमट पाण्यात धरावी.

मित्र आत पडलेला असताना दाराशी थांबणे ही सोपी गोष्ट नाही. ते त्या क्षणी सुचेल, अशी अपेक्षाही करू नये. म्हणून त्याचा सराव आधी, शांत दिवशी, सर्वांनी मिळून करावा लागतो. मापक बसवणे, त्याची वेळोवेळी तपासणी करणे आणि कोणी कोणाला हाक द्यायची, हे ठरवून ठेवणे ही कामे कंटाळवाणी वाटतात. परंतु धोका समोर उभा राहतो, तेव्हा आधी केलेली हीच कामे मित्राला वाचवतात आणि मदतीला धावणाऱ्यालाही.

पाठगत प्रश्न

१. सिलिंडर काठोकाठ का भरत नाहीत?
२. दाबमापक असूनही सिलिंडर वजनकाट्यावर का ठेवतात?
३. सुरक्षा झडपेचे तोंड कोठे असावे?
४. योग्य पर्याय निवडा : पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या प्रयोगशाळेतील हवेत प्राणवायू सुमारे (अ) १६ टक्के (आ) १९.९ टक्के (इ) १७.५ टक्के असतो.

भाषाभ्यास

१. पाठातील ‘पेव’ या शब्दावरून ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला आहे. साठवलेले धान्य पेवातून भराभर बाहेर यावे, तशी एखादी गोष्ट अचानक मोठ्या प्रमाणावर दिसू लागणे, असा त्याचा अर्थ. या वाक्प्रचाराचा दोन वाक्यांत उपयोग करा.
२. ‘तिच्या सावलीवर विसंबू नये’ या वाक्यातील ‘सावली’ या शब्दाचा लाक्षणिक अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘ठेवावा’, ‘नसावे’, ‘करू नये’ ही क्रियापदे विधी किंवा निषेध दर्शवतात. पाठातून अशी आणखी पाच क्रियापदे शोधून लिहा.

स्वाध्याय

१. ‘पेवात उपयोगी पडणारा कंदील प्रयोगशाळेत फसवतो.’ या विधानाची कारणे आकड्यांच्या आधारे लिहा.
२. विहिरीतील व प्रयोगशाळेतील दुर्घटनांमधील साम्य सांगून, मदतीला जाणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावी, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. आपल्या परिसरातील विहीर, तळघर, धान्याचे कोठार किंवा शीतगृह यांपैकी एका ठिकाणची माहिती मिळवा. तेथे काम करणाऱ्यांसाठी दहा ओळींची सूचना-पाटी तयार करा. प्रत्येक सूचनेपुढे तिचे कारण लिहिण्यास विसरू नका.